कैलासपतीची सुनावणी

"मॅडम, एक ओळ लिहायची आहे. झाड मृत, सबब तोडणे आवश्यक. एवढ्याला आठ दिवस कशाला हवेत तुम्हाला?" उद्यान खात्याचे आमचे साहेब फोनवर म्हणाले.

मी बागेतल्या म्युझियमच्या तिकीटखिडकीसमोर उभी होते. खिडकीवरचा पत्रा मधोमध वाकला होता. त्याच्यावर पडलेली मांडीएवढी फांदी माझ्या माणसांनी नुकतीच उतरवून बाजूला ठेवली होती. फांदी पडली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि खिडकी बंद होती. दहा वाजता पडली असती, तर त्या जागी शाळेच्या सहलीची रांग असती.

"साहेब, झाड मेलंय का ते आधी बघते. मग ओळ लिहिते."

"अहो, एक पान तरी शिल्लक आहे का त्याला?"

"केस गेले म्हणून माणूस गेला असं आपण म्हणत नाही ना, साहेब."

साहेबांना टक्कल आहे, हे मला वाक्य तोंडातून गेल्यावर आठवलं. पलीकडे त्यांनी घसा खाकरला. मग ते म्हणाले, "पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे. रिपोर्ट लेखी पाहिजे. आणि सही तुमची असेल, हे लक्षात असू द्या."

मी तेव्हा त्या बागेची अधीक्षक होते. बाग कुठली ते लिहीत नाही. जुनी आहे, मोठी आहे, कोथरूडकडून चालत येता येतं, आत गुलाबाचे ताटवे आहेत, नेच्यांचं एक काचघर आहे आणि दोन म्युझियम आहेत. एकात जुनी शेतीची अवजारं, दुसऱ्यात पेंढा भरलेले प्राणी. पुणेकरांना यावरून ओळखता येईल, आणि ज्यांना येणार नाही ते तसं कबूल करणार नाहीत. मी मूळची यवतमाळची. तीस वर्षं पुण्यात काढली, म्हणून एवढं बोलायचा हक्क मला आहे.

शहरातलं मोठं झाड तोडायचं तर आधी नोटीस लावावी लागते, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात आणि मग समितीपुढे सुनावणी होते. या झाडाची नोटीस महिन्यापूर्वीच लागली होती. सुनावणीत भावनेला किंमत नसते, रिपोर्टला असते. रिपोर्ट बागेच्या अधीक्षकाचा. झाड मेलंय असं मी लिहिलं असतं, तर शंभरी ओलांडलेला कैलासपती दोन दिवसांत ओंडके होऊन ट्रकमध्ये चढला असता. जिवंत आहे असं लिहिलं असतं आणि दुसरी फांदी कुणाच्या डोक्यात पडली असती, तर मी जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. साहेबांची ओळ लिहिणं सगळ्यात सोपं होतं.

कैलासपती ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. याची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडावर येतात. फुलात मधे पिंडीसारखा उंचवटा आणि त्यावर नागाच्या फण्यासारखी झुकलेली पाकळी. म्हणून लोक याला महादेवाचं झाड मानतात. फळं तोफगोळ्याएवढी होतात, ती आम्ही वेळीच उतरवून घेतो. आणि हे झाड वर्षातून एकदोनदा सगळी पानं टाकतं, पण आठवडा-दोन आठवड्यांत नवी पालवी घालतं. यावेळी तीन महिने झाले तरी पालवी नव्हती. त्याआधीच्या दीड वर्षात पानं येत होती ती लहान आणि कडांना करपलेली.

मी कामाला लागले. सोबत शिवराम मुकादम. मुकादम म्हणजे माळ्यांचा प्रमुख. त्याचं गाव आता सोसायट्यांनी वेढलंय, पण शेतातला माणूस शेतातलाच राहिला.

पहिली तपासणी अगदी सोपी असते. खोडाची साल नखाने किंचित खरवडायची. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर जीव आहे, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर नाही. खोडाला पाच ठिकाणी हिरवं दिसलं. जाड फांद्यांना हिरवं दिसलं. फक्त शेंडे आणि काही बारक्या फांद्या गेल्या होत्या. पत्र्यावर पडलेली फांदीही त्यातलीच. मग लाकडी हातोडीने खोड सगळीकडून ठोकून पाहिलं. पोकळ असेल तर आवाज डबा वाजवल्यासारखा येतो. इथे भरीव आवाज आला.

"मेलं नाय बाई हे," शिवराम म्हणाला. "आजारी हाय."

"पण कशाने?"

माझा संशय खरं सांगायचं तर पेव्हर ब्लॉकवर होता. चार वर्षांपूर्वी झाडाच्या पश्चिमेला, म्युझियमच्या वाटेवर ते बसवले होते. साहेबांच्या उत्साहातून. मुळांना हवा मिळत नाही, असं मी तेव्हा लेखी कळवलं होतं. आता कारण तेच निघावं अशी माझी आतून फार इच्छा होती. ब्लॉकची एक रांग उचलली आणि खाली खणलं. मुळं पांढरीशुभ्र, ठणठणीत. मला झाड सोडून स्वतःचंच वाईट वाटलं.

मग पूर्वेला, बाकांच्या बाजूला खणलं. तिथली मुळं तपकिरी, हाताने दाबली तर साल सुटून येत होती. झाडाभोवतीच्या आळ्यातला पालापाचोळा बाजूला केला तर मातीवर पांढरट पापुद्रा. शिवरामने चिमूटभर माती घेतली, जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खारट हाय."

जुने माळी माती चाखतात. मला तीस वर्षांत कधी ते जमलं नाही. मी पर्समधून माझा मीटर काढला. पेनाएवढं यंत्र असतं, पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार विरघळलेत ते आकड्यात दाखवतं. माती डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून मोजली. शिवरामची जीभ बरोबर होती. पश्चिमेच्या मातीत तसं काही नव्हतं. लॉनच्या मातीत नव्हतं. बागेच्या विहिरीचं पाणी गोड. मग पुण्यात, एका झाडाच्या एकाच बाजूला, समुद्र आला कुठून?

"सकाळी या बाई," शिवराम म्हणाला. "सकाळच्याला लोक असत्यात हितं."

मी ऑफिसला नऊला येत असे. शिवराम सातला. बाग सहाला उघडते. म्हणजे सकाळचा पहिला तास आम्हा दोघांपैकी कुणीच बघितलेला नव्हता. शिवरामला बाकावरच्या लोकांकडून काहीबाही ऐकू यायचं, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधी मी कैलासपतीसमोरच्या बाकावर जाऊन बसले. गेट उघडलं आणि मॉर्निंग वॉकची मंडळी आली. कानटोप्या, स्पोर्ट शूज, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एक प्लॅस्टिकचा कॅन. कोणाकडे दोन लिटरचा, कोणाकडे पाचचा. एकेकाने कॅन बाकांच्या बाजूने आळ्यात ओतला, खोडाला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि चालायला सुरुवात केली. मी वीसपर्यंत मोजले आणि मग मोजणं सोडलं.

सगळ्यांत शेवटी सबनीस काका आले. ते छोट्या चाकांच्या ट्रॉलीवर दोन मोठे कॅन ओढत होते. सबनीस म्हणजे निवृत्त इंजिनिअर, उभं आयुष्य पूल बांधण्यात गेलेलं. झाड तोडू नये म्हणून जो हरकतीचा अर्ज आला होता, त्यावर पहिली सही त्यांची होती आणि खाली दोनशेच्या वर सह्या त्यांनीच गोळा केल्या होत्या.

"नमस्कार वानखडे मॅडम. आज लवकर?"

"झाड बघायला आले."

"बघा, बघा. तुमच्या खात्याने टाकलंय. आम्ही जगवतोय."

"पाणी कुठलं हे?"

"आरओचं. फिल्टरमधून एक लिटर प्यायचं पाणी निघताना दोन-तीन लिटर वाया जातं, माहितीय ना? लोक ते मोरीत सोडतात. आम्ही एक थेंब मोरीत जाऊ देत नाही. दोन वर्षं झाली. इतरांचं येतं घराघरातून, आमच्या सोसायटीचं मी आणतो."

मी मीटर काढला. पहिल्या दोघातिघांचे कॅन तपासले. पाण्यात क्षार होते, पण झाड मरावं इतके नव्हते. मग सबनीसांच्या कॅनमध्ये मीटर बुडवला. आकडा आलाच नाही. पडद्यावर नुसता एकाचा अंक दिसला. माप मीटरच्या बाहेर गेलं की तो असा नुसता एक दाखवतो.

"बिघडला तुमचा मीटर," सबनीस म्हणाले.

मी मीटर पुसला आणि शेजारच्या नळाच्या पाण्यात धरला. व्यवस्थित आकडा आला. पुन्हा कॅनमध्ये धरला. पुन्हा एक.

"चायनीज असेल."

"काका, तुमच्या सोसायटीत येऊ का आत्ता? चहा नको. फक्त पाणी कुठून भरता ते दाखवा."

सोसायटी मागच्या गेटपासून पाच मिनिटांवर होती. सबनीसांनी मला पार्किंगमध्ये नेलं आणि मोठ्या अभिमानाने एक निळी टाकी दाखवली. टाकीवर पांढऱ्या रंगाने 'पुनर्वापर' असं लिहिलेलं होतं. शेजारी भिंतीवर, उत्तम पाणी बचतीसाठी सोसायटीला मिळालेलं सन्मानपत्र काचेत लावलेलं होतं. टाकीत वरून एक पाइप येत होता, तो सगळ्या फ्लॅटच्या आरओचा. आणि बाजूच्या खोलीतून दुसरा एक पाइप येत होता.

"हा कसला?"

"हा सॉफ्टनरचा. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी, फार जड. नळ चोंदायचे. दोन वर्षांपूर्वी प्लँट बसवला. त्याचं धुतलेलं पाणी गटारात जात होतं. मी स्वतः लाइन फिरवून टाकीत घेतली. प्लंबर नको म्हणत होता. मी म्हटलं, पूल बांधलेत मी, मला शिकवू नका."

मी खोलीत डोकावले. सॉफ्टनर म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारी टाकी. तिच्या आतले दाणे पाण्यातला चुना धरून ठेवतात. दाणे भरले की ते दर एक-दोन दिवसांनी धुवावे लागतात आणि ते धुतात मिठाच्या पाण्याने. भिंतीला मिठाची पोती एकावर एक रचून ठेवली होती.

मी टाकीची तोटी सोडली, ओंजळभर पाणी एका मगात घेतलं आणि सबनीसांसमोर धरलं. "बोट बुडवून जिभेला लावा."

त्यांनी लावलं. मग पोत्यांकडे पाहिलं. मग टाकीवर स्वतःच लिहिलेल्या अक्षरांकडे. पूल बांधलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगावं लागलं नाही.

"सोसायटीतल्या कुंड्यांना हे पाणी घालत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"नाही. कुंड्यांना कॉर्पोरेशनचं घालतो. तुळशीला वेस्ट पाणी कसं घालणार?"

"म्हणजे तुळशीला चालत नाही ते महादेवाला चालतं."

बोलले आणि मला वाईट वाटलं. माणूस खाली पायरीवर बसला होता. "झाड वाळायला लागलं तसे मी एकाचे दोन कॅन केले हो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. झाड जितकं सुकत गेलं तितकं ते जास्त मीठ पाजत गेले, आणि तेही इतक्या मायेने. मी पाइप तिथल्या तिथे प्लंबरला बोलावून पुन्हा गटाराकडे वळवला. प्लंबरने पाना पिशवीत टाकताना एकदा सबनीसांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं होतं.

गुरुवारी सुनावणी. समितीचे तिघे, साहेब, मी, आणि मागे खुर्च्यांवर पन्नासेक मॉर्निंग वॉकवाले. मी रिपोर्ट वाचला. झाड जिवंत. खोड भरीव. पूर्वेच्या मुळांना क्षारबाधा, कारण बाहेरून आणून घातलेलं पाणी. सबनीसांचं नाव मी लिहिलं नव्हतं.

साहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "बाहेरून म्हणजे कोणी? दोन वर्षं कोणीतरी बागेत येऊन खारं पाणी ओततंय आणि अधीक्षकांना दिसत नाही?"

प्रश्न बरोबर होता. मला तोच प्रश्न त्या सकाळपासून छळत होता. त्या दिवसाआधी सकाळी सहाला मी एकदाही बागेत गेले नव्हते. माझी मान खाली गेली.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी ओतलं," सबनीस म्हणाले. "आमच्या सोसायटीच्या प्लँटचं मिठाचं पाणी. चुकून, पण मीच. या दोनशे लोकांच्या सह्या मी घेतल्या आणि झाडही मीच मारत होतो. दोष लिहायचा तर माझ्या नावावर लिहा, वानखडे मॅडमच्या नाही. आणि हरकत मी मागे घेणार नाही."

पन्नास पुणेकर एकाच खोलीत गप्प बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं, "वाचेल?"

"वाचेल असं वाटतं. सहा आठवडे द्या. वाळलेल्या फांद्या उद्याच काढते. म्युझियमची वाट तोवर बंद, लोक मागच्या दाराने आत जातील."

"आणि सहा आठवड्यांत पालवी नाही आली तर?" साहेब.

"तर तुमची ओळ मी लिहीन."

साहेबांनी हरकत घेतली नाही आणि अध्यक्षांनी सहा आठवडे मंजूर केले. पण मिठाने खचलेलं झाड सहा आठवड्यांत उठतंच असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

उपचार सांगायला सोपा, करायला कष्टाचा. आळ्यातली वरची वीतभर माती काढून टाकायची. मुळांच्या मधल्या मातीत खोल भोकं पाडून त्यात जिप्सम आणि शेणखत भरायचं. जिप्सम म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस ज्याच्यापासून बनतं तो दगड. त्याच्यामुळे मातीला चिकटून बसलेलं मीठ सुटतं. मग विहिरीचं गोडं पाणी भरपूर आणि हळूहळू सोडायचं, म्हणजे सुटलेलं मीठ मुळांच्या खाली वाहून जातं.

अडचण अशी की आमच्या बागेत खाली कातळ आहे. पाणी जाणार कुठे? तिथेच साचलं तर मुळं कुजणार. मी आणि शिवराम खड्ड्याकडे बघत उभे होतो, तेवढ्यात मागून सबनीस म्हणाले, "पुलाखालचं पाणी काढण्यात माझी हयात गेली, मॅडम. इथे मला शिकवू द्या."

यावेळी त्यांना खरंच येत होतं. त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन दिवस उतार मोजला, चराची रेघ आखली, चरात खडी किती आणि कोणत्या जाडीची ते शिवरामला सांगितलं. चर नेमका साहेबांच्या पेव्हर ब्लॉकखालून जात होता. ते उचलताना मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही.

मॉर्निंग वॉकवाल्यांचे कॅन बंद झाले. एक आजी फक्त तांब्याभर दूध घालू का म्हणून विचारायला आल्या. सबनीसांनी त्यांना क्षार, मुळं आणि निचरा यावर अर्धा तास ऐकवलं. आजींनी दूध घरी नेऊन त्याचा चहा केला, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

चार आठवडे गेले. काही नाही. पाच गेले. काही नाही. मी आता रोज सहाला जात होते आणि रोज कुठेतरी साल खरवडून पाहत होते.

"बाई, नखानंच सोलून काढाल झाड," शिवराम वैतागून म्हणाला. "त्याला जरा गप बसू द्या की."

मी घरी जाऊन ती ओळ एका कागदावर लिहून पाहिली. झाड मृत, सबब तोडणे आवश्यक. खाली सही करून पाहिली. मग कागद फाडला. त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

सहाव्या आठवड्याच्या मंगळवारी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून सकाळी गेले नाही. खुर्चीत तोंड उघडून बसलेली असताना फोन वाजला. डॉक्टरांनीच तो माझ्या कानाला लावला.

"बाई, हायसा कुठं?" शिवराम ओरडत होता. "फुटलंय! पूर्वंच्या अंगानंच फुटलंय!"

मी अर्धी भूल घेतलेल्या तोंडाने रिक्षात बसले. कैलासपतीखाली गर्दी होती. उरलेल्या फांद्यांच्या टोकाटोकाला हिरव्या कोंबांचे झुबके आले होते, आणि जी बाजू मिठाने भाजली होती तिथेही. सबनीस खोडाला हात न लावता दोन पावलं दूर उभे होते आणि उघडउघड रडत होते. मला काहीतरी शोभेसं बोलायचं होतं, पण जीभ बधिर होती. मी जोरात टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. म्युझियमचा शिपाई काय झालं ते बघायला धावत बाहेर आला, आणि कळल्यावर तोही वाजवू लागला.

आठ दिवसांत अख्खं झाड हिरवं झालं. समितीने प्रस्ताव निकाली काढला. साहेब फोटोग्राफर घेऊन आले, झाडासमोर उभे राहिले आणि आमच्या खात्याने झाड वाचवलं असं पत्रकारांना म्हणाले. म्हणू देत. सहा आठवडे त्यांनीही दिलेच होते. फोटोत मी आहे, शिवराम आहे. सबनीसांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. ते चराच्या तोंडाशी बसून बाहेर येणाऱ्या पाण्यात मीटर बुडवत होते. तसाच मीटर त्यांनी विकत घेतलाय आणि आता तो त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो. माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात खोडावर पहिलं फूल आलं. त्याचा वास म्युझियमच्या तिकीटखिडकीपर्यंत येत होता.

आता घरी असते. लोकांकडे माझा नंबर आहे, त्यामुळे फोन येतात. "मॅडम, आमचा आंबा वाळत चाललाय. काय घालू?"

मी सांगते, काही घालू नका. आजवर काय काय घातलंत ते आधी सांगा.

मग पलीकडचा माणूस बिचकत बिचकत यादी सांगू लागतो. तेवढ्यात माझं अर्धं काम झालेलं असतं.